अपडेट आणि बाबांचं राहिलेलं बोलणं

माझा स्वभाव खुनशी आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणी मला चारचौघांत टाकून बोललं की मी हसून विषय बदलते, पण विसरत नाही. शाळेतल्या बायका म्हणतात, मॅडम, सोडून द्या ना. मला सोडता येत नाही. तरीही आयुष्यात सगळ्यात जास्त डूख मी ज्याच्यावर धरला तो माणूस नव्हता. तो आमच्या घरच्या कम्प्युटरवर न बोलावता येणारा अपडेट होता.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यातलं. मी तिथेच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे आईबाबांजवळच राहिले. शाळेची माहिती ऑनलाइन भरायचं फर्मान निघालं तेव्हा मी शेगावहून एक कम्प्युटर आणला आणि पुढच्या खोलीत, बाबांच्या खाटेशेजारी टेबलावर मांडला. नेटसाठी डोंगल होतं. रेंज कधी यायची, कधी नाही. महिन्याचा नेटपॅक मी पुरवून पुरवून वापरायची, आणि हा मेला अपडेट एका बैठकीत तो गिळून मोकळा व्हायचा. मी पोरांची हजेरी भरत बसलेली असायची आणि गोल गोल फिरणारं ते चक्र माझ्या तोंडासमोर फिरत राहायचं. मग पडदा निळा. काम चालू आहे, कम्प्युटर बंद करू नका. अरे, माझं काम चालू होतं त्याचं काय?

बाबांना मी हा प्रकार समजावून सांगितला तेव्हा त्यांना तो लगेच कळला.

"मोटारीचा ऑटो हाय म्हन ना थो," ते म्हणाले.

आमच्याकडे शेतातली लाइन, म्हणजे वीज, कधी येईल याचा नेम नाही. म्हणून विहिरीवरच्या मोटारीला लोक ऑटो लावतात. लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते. आपण घरी जेवत असतो, आणि तिकडे पाणी आपलं वावर भिजवून शेजाऱ्याच्या तुरीत शिरलेलं असतं. बाबांची त्यावरून शेजाऱ्याशी एकदा चांगलीच जुंपली होती.

"पन ऑटो आपन सोताच्या हातानं लावतो," बाबा म्हणाले. "याले कोनं लावला?"

ज्याने लावला तो सातासमुद्रापार कुठेतरी बसलेला, त्याला माझा हात पुरणार नव्हता. मग मी माझ्या परीने उट्टं काढायची. अपडेट उतरवून घेत असला की त्याला बिनधास्त उतरवू द्यायची. पार शेवटाला आला, आता संपलंच असं झालं, की हसत हसत डोंगल उपटायची. त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल या कल्पनेने मला चहा गोड लागायचा. नुकसान माझ्याच नेटपॅकचं व्हायचं, ते कळत होतं. पण सूड घेताना हिशेब कोण करतं? सेटिंगमध्ये जाऊन मी त्याची नांगी ठेचायची, आणि काही दिवसांनी तो पुन्हा आपला आपण उभा राहिलेला असायचा.

हे सगळं तेव्हा चिडचिडीच्या पातळीवर होतं. वैर नंतर झालं. त्यासाठी बोंडअळीचं साल सांगावं लागेल.

त्या साली बाबा नेहमीच्या बियाण्यासाठी कृषी केंद्रात गेले. हे केंद्र बाबांच्या शाळेतल्या दोस्ताचं. दोघं एका पाटावर बसलेले, एकमेकांना म्हातारपणीही "बे" म्हणणारे. मी त्यांना काका म्हणायची. बाबांना मागच्या वर्षी लावलेलीच बीटी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाहिजे होती. काका म्हणाले, "ते जुनं बंद झालं. आता हे नवं आलं, हेच घ्या लागते." बाबांनी घेतलं. दोस्त सांगतोय म्हटल्यावर घेतलंच.

बीटीच्या पाकिटासोबत तेव्हा एक बारकं पाकीट मिळायचं, साध्या बियाण्याचं. ते वावराच्या कडेने लावायचं, म्हणजे अळी तिकडे जगते आणि मधल्या पिकाची सवय लावून घेत नाही, असं त्यावर लिहिलेलं असायचं. आमच्या भागात ते पाकीट कुणी लावत नसे. जी कपाशी अळीने खाण्यासाठीच लावायची तिला जागा कोण देणार, निंदण कोण करणार? बाबा तरी लावायच्या विचारात होते. त्यांनी ते हातात घेऊन विचारलं, तेव्हा काकाच हसून म्हणाले होते की ते काही कामाचं नाही, कोंबड्यांना टाक. मी तिथेच उभी होते, खडूच्या पेट्या घेऊन परत जाताना बाबांना गाडीवर घ्यायला थांबले होते. घरी आल्यावर आमच्या कोंबड्यांनी ते दाणे चोच लावून सोडून दिले, त्यावर औषधाचा थर होता. आईने ते झाडून टाकले.

दिवाळीच्या सुमाराला बोंडं वरून टंच दिसायची आणि फोडली की आत गुलाबी अळी वळवळायची. सरकीत भोकं, रुई पिवळी, चिकटलेली. आमच्याकडे असल्या कापसाला कवडी म्हणतात. वेचणाऱ्या बायका बोटं झटकत आईला म्हणायच्या, "याले कापूस म्हन्ता काय पाटीलबाई?" एका गावाचं नव्हे, सगळीकडेच तेच. बाबांनी एका पिशवीत ती बोंडं घेतली आणि कृषी केंद्रात जाऊन काउंटरवर ओतली. भांडायला नव्हे हो. दोस्ताला दाखवायला, की बघ बे काय झालं.

दुकानात गर्दी होती, सगळेच आपापली बोंडं घेऊन आलेले. काका घेरले गेले होते. त्यांनी सगळ्यांचा राग एकट्या बाबांवर काढला.

"कडेनं साधं बियानं लावलं होतं काय?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "नाही ना? मंग कंपनीले काऊन दोष देता? तुले शेतीच करता येत नाही बे."

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. गेले काही दिवस त्यांचा आवाज बसलेला होता, आम्ही थंडीचं म्हणून काढा देत होतो. त्या क्षणी घशातून नुसती खरखर निघाली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा खरखर.

"घशात बोंडअळी गेली काय बे?" काका म्हणाले, आणि दुकान हसलं.

बाबा पिशवी तिथेच टाकून घरी आले. मला हे त्यांनी सांगितलं नाही, दुकानात हजर असलेल्या एका पालकाने शाळेत येऊन सांगितलं, तेही हसत हसत. मी त्याच्या पोराला त्या दिवशी उगाच तीनदा फळ्याजवळ उभं केलं. पोराचा काय दोष होता? काहीच नाही.

घशात जे होतं ते अकोल्याच्या दवाखान्यात कळलं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, बोलता येणार नाही. श्वासाला गळ्यावर भोक राहील. आई पदराचं टोक चावत बसली. बाबांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि त्या उरलेल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मले त्याले उत्तर द्यायचं हाय. आवाज जायच्या आंधी."

मला वाटलं, ते दुकानात जाऊ म्हणतील. पण नाही. "त्याच्या दारी कायले जाऊ? थो माह्या घरी येईन. पोराचं लगन काढलं हाय त्यानं. अक्षद घेऊन त्याले या लागते."

खरंच होतं. आमच्याकडे घरच्यासारख्या माणसाला पत्रिका दुसऱ्याच्या हाती धाडत नाहीत. कितीही बिनसलेलं असो, यजमानाने स्वतः जायचं, हळदीची अक्षद द्यायची, बसून चहा घ्यायचा, तेव्हा ते आवतण खरं. काका आले नसते तर गावाने त्यांना नाव ठेवलं असतं. यायचं त्यांना चुकणार नव्हतं. पण तोवर बाबांकडे आवाज राहणार नव्हता.

म्हणून मी हेडफोनचा माइक कम्प्युटरला जोडला आणि दुपारी शाळा सुटल्यावर बाबांचा आवाज भरून ठेवायला लागले. आधी काकांसाठीचं उत्तर. ते त्यांनी एका दमात म्हटलं, जणू कित्येक दिवस मनात घोटून ठेवलेलं होतं. ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. फक्त शेवटचं एक वाक्य मला पटलं नाही. एवढं सणसणीत बोलून झाल्यावर ते वाक्य म्हणजे सगळ्यावर पाणी. मी म्हटलं, बाबा, हे कापते. बाबांनी माझा हात धरला. राहू दे, म्हणाले.

मग उरलेल्या आवाजात आम्ही रोजचं बोलणं भरलं. हाव. नाही. चहा आन. कोन हाय? मोटार बंद करा. बैलांना घालायची हाक. आईला मारायची हाक, "ऐकलं काय वं?" प्रत्येकाची वेगळी फाइल, वर मराठीत नाव. ऑपरेशन होऊन बाबा घरी आले, गळ्यावर आईने शिवलेला मलमलीचा रुमाल बांधून खाटेवर बसले, आणि माउसवर हात ठेवून त्यांनी पहिल्यांदा "ऐकलं काय वं?" दाबलं. आई स्वयंपाकघरातून हात न पुसताच धावत आली.

बाबा असे बोलू लागले. शेतात तासं धरावीत तशा त्यांनी त्या फाइली पडद्यावर ओळीने लावून घेतल्या. काकांचं उत्तर मात्र ओळीत ठेवलं नाही. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून ते सगळ्यांपासून लांब, पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. आता अपडेटचं आमच्या घरात नुसतं नेटपॅक खाणं उरलं नव्हतं. एकदा त्याने रात्रीतून सगळ्या ओळी विस्कटल्या. सकाळी बाबांना पाहिजे होता चहा आणि स्पीकरमधून बैलांची हाक आली. आई हसून बेजार झाली. मी हसले नाही. माझ्या बापाच्या तोंडात हात घालायचा याला अधिकार दिला कुणी?

ज्या संध्याकाळी काका आले ती सांगते.

ते अक्षदेची पिशवी आणि पत्रिका घेऊन आले, सोबत कुणी नव्हतं. आईने कुंकू लावलं, पाट दिला. काका पाटावर न बसता खाटेसमोरच्या खुर्चीवर टेकले. बाबांकडे बघायचं टाळत त्यांनी पत्रिका पुढे केली. मी दारात उभी. बाबांनी शांतपणे पत्रिका घेतली, कपाळाला लावली, बाजूला ठेवली. मग चहा आला. काकांनी कप उचलला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्यांनी बाण कोपऱ्यात नेला आणि दोनदा दाबलं.

आणि त्याच क्षणी, त्याच कोपऱ्यात, त्याचं ते चौकोनी खोकं वर आलं. अपडेट तयार आहे, कम्प्युटर आत्ता बंद करून सुरू करू का? आम्ही जो कोपरा राखून ठेवला होता, तोच त्याचाही कोपरा. बाबांचं दाबणं त्यातल्या 'हो'वर पडलं होतं.

पडदा निळा झाला.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

चक्र फिरत राहिलं. खाली टक्के चढत होते, मग चढेनात. बाबांनी माउस दाबला, पुन्हा दाबला. मग टेबलावर हाताचा पंजा आपटला. गळ्यावरच्या रुमालाखालून नुसती हवा निघाली, फस्स करून. काकांना वाटलं, बाबा निरोपाचं काही बोलू पाहताहेत. ते उठले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "असू दे, असू दे. काही बोलू नको. तब्येतीले जप."

काही बोलू नको! मी ओठ चावला, रक्त आलं. काका अक्षदेचे दाणे आईच्या ओंजळीत टाकून निघून गेले. टक्के त्यानंतर आरामात पुढे सरकले.

मला लोकांनी नंतर विचारलं, तू का बोलली नाहीस? मी बोलले असते तर ते माझं भांडण झालं असतं. ज्याच्या तोंडावर दुकान हसलं त्याच्याच तोंडून ते निघायला हवं होतं. बाबांच्या हाताशी पाटीही होती, पण पाटीवर लिहिलेलं दोस्ताने चष्मा शोधून वाचायचं, यात कसलं उत्तर? बाबा त्या पाटीला हातसुद्धा लावत नसत.

कम्प्युटर सुरू झाला. बाबांनी आधी आईची हाक दाबली. आवाज नाही. "हाव" दाबलं. आवाज नाही. स्पीकरच्या चित्रावर लाल फुली होती. अपडेटने आत काहीतरी नवं घालून जुनं उखडलं होतं. बाबांचं सगळं बोलणं जागच्या जागी होतं, आणि मुकं होतं. डॉक्टरांनी एकदा काढून घेतलेला आवाज याने दुसऱ्यांदा काढून घेतला. डॉक्टरांनी निदान विचारलं होतं.

मी तो डबा मांडीवर घेऊन एसटीने शेगावला नेला. दुकानदाराने उघडून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, याचं ते जुनं बंद झालं. आता नवंच घ्या लागते." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरला. बिचाऱ्याला काय माहीत, हे वाक्य आमच्या घरात आधी एकदा येऊन वावर खाऊन गेलं होतं. जे नीट चाललंय ते बंद करायचं, आणि जे नवं आणायचं त्याचं पाप वापरणाऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं. बियाणं असो की कम्प्युटर, यांची रीत एकच. मी त्याला म्हटलं, "जुनंच पायजे. कुठूनही आना, पन जुनंच आना." मी फेऱ्या मारत राहिले. घरी बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. चहा हवा असला तरी मागत नसत. आई अंदाजाने आणून ठेवायची.

शेवटी त्याने कुठलीशी जुनी सीडी शोधून आवाज परत आणला. मी सगळ्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर काढल्या. मग घरी येऊन डोंगल उपटलं, ते चुलीत घालावंसं वाटत होतं, पण प्लास्टिकच्या वासाने आई ओरडली असती म्हणून उखळात कुटलं. खरंच कुटलं. त्या कम्प्युटरला त्यानंतर नेटची हवा लागू दिली नाही. शाळेची कामं मी मोबाइलवर डोळे फोडून केली. कम्प्युटर कोपऱ्यातून सारखा कुरकुरायचा, की मी जुना झालो, मला धोका आहे, मला नवं करा. मी रोज ते खोकं बंद करायची आणि म्हणायची, मर उपाशी.

काकांच्या घरचं लग्न जवळ आलं होतं. मी बाबांना म्हटलं, पेन ड्राइव्ह देते डीजेवाल्याला, ऐकू दे सगळ्या वऱ्हाडाला. बाबांनी "नाही" दाबलं. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा "नाही" दाबलं, आणि मग विषय संपवायला "चहा आन". त्यांना काका आपल्या घरी, आपल्या समोर बसलेले हवे होते. लग्नाला आई एकटी जाऊन आहेर देऊन आली. त्यानंतर काकांना आमच्याकडे येण्याचं कारणच उरलं नाही.

कारण पुढच्या वेचणीच्या दिवसांत मिळालं. बाबा गेले.

पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती. लोक यायचे, बसायचे, पावसापाण्याचं बोलून जायचे. आमच्याकडे अशा घरी चहा विचारत नाहीत, कुणी घेतही नाही. काका आले तेव्हा खोली भरलेली होती. कृषी केंद्रात त्या दिवशी हसलेले दोघेतिघेही होते. काका बाबांच्या रिकाम्या खाटेसमोर, खाली बसले. लोकांत मान खाली घालून म्हणाले, "लय चांगला मानूस. कधी कोनाले वाकडं बोलला नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बोलला नाही! मी टेबलाजवळ उभी होते. कम्प्युटरवर पांढरं फडकं टाकलेलं होतं. मी आईकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, ती डोळे वटारेल, मयताच्या घरात हे काय म्हणेल.

"लाव," आई म्हणाली. "त्यायचं बोलनं राह्यलं हाय."

मी फडकं काढलं, कम्प्युटर सुरू केला. धोक्याचं खोकं आलं, ते बंद केलं. लोक एकमेकांकडे बघत होते. मी आवाज पूर्ण मोठा केला आणि कोपऱ्यातली ती फाइल दाबली.

बाबांचा घोगरा आवाज खोलीत आला. कुणीतरी सतरंजीवरून अर्धवट उठलं.

"आला काय बे? बस. आता मी बोलतो, तू आयक. दुकानात तू मले लोकायसमोर म्हनलं, तुले शेती करता येत नाही. मी हात धरून तुले पऱ्हाटी लावाले शिकोली, इसरला काय? तुह्या बापाचं वावर मीच पेरलं होतं, तू तापीनं पडला होता तवा. थे बारकं पाकीट मी लावतोच म्हनत होतो. कोंबड्यायले टाक, हे कोनं म्हनलं? तुह्याच तोंडचा शब्द हाय थो. माही पोरगी उभी होती तथी. आन् तेच पाकीट तू माह्या डोक्यावर फोडलं. कंपनीले भ्याला तू. मले नाही भ्याला, काऊन का मी दोस्त हाय. माह्या घशात अळी गेली म्हनलं ना तू? अळी गेली तुह्या जिभीत. खाऊन टाकली तिनं तुही जीभ, खरं बोलाच्या कामाची राह्यली नाही."

इथे थोडी जागा होती. बाबा दम घेत होते. मग ते वाक्य आलं, जे मी कापणार होते.

"चाल, चहा घे आता. बाई, त्याचा बिनसाखरेचा आन. शुगर हाय त्याले."

स्पीकर थांबला. त्या दिवशी हसलेले दोघे सतरंजीचे दोरे उपटत बसले. काकांची मान छातीवर पडली होती. ज्या घरात चहा विचारत नाहीत त्या घरात त्यांना चहा विचारला गेला होता, आणि आणून देणारं कुणी नव्हतं. मी वाट बघत होते की ते उठून जातील. तेवढ्यासाठी तर मी त्या कम्प्युटरला इतके दिवस उपाशी ठेवून जपलं होतं.

ते उठले नाहीत. त्यांनी तोंड वर केलं. डोळे, नाक, सगळं वाहत होतं.

"बाई," ते मला म्हणाले, "अजून एक डाव लाव. मले 'बे' म्हननारा आता कोनी राह्यला नाही."

माझा हात माउसवरच होता. दोनदा दाबलं की बाबा पुन्हा बोलले असते. काकांचा तो चेहरा बघून कुणाचंही मन पाघळलं असतं. आईचं पाघळलं, ती माझ्याकडे विनवल्यासारखी बघत होती. माझंही पाघळलं असतं, पण मला खांद्यावरचा त्यांचा तो हात आठवला. असू दे, काही बोलू नको.

"आता नाही जमत, काका," मी म्हणाले. "अपडेट होऊन राह्यलं. मधात बंद करता येत नाही."

पडद्यावर कसलाही अपडेट नव्हता. ओळीत लावलेलं बाबांचं बोलणं तसंच दिसत होतं, मलाही आणि त्यांनाही. त्यांनी ते बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "हाव. बसतो मंग. होऊ दे."

लोक एकेक करून उठून गेले. काका बसून राहिले, आणि मी त्यांना बसू दिलं.